वेलांटीबाईंनी थांबवलेली गळती

वेलांटीबाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच सुखात होतं. बाकी साऱ्या जगात, म्हणजे शाळेचं आवार, समोरचं वह्यांचं दुकान आणि बसथांबा एवढ्या जगात, त्या वेलांटीबाईच होत्या. भाषेच्या बाई. घारीला जसा उंदीर दिसतो तशी त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची चूक लांबून दिसायची, आणि दिसली की हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे जायचा. एकदा दवाखान्यात अंगात सणसणीत ताप असताना त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीतली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून दिली होती. डॉक्टरांनी औषध बदललं नाही, पण तेव्हापासून ते बाईंना छापील चिठ्ठी द्यायला लागले.

अशा बाईंना अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणाला कुणी पाठवलं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्यात कुणाचा दोष नव्हता. वरून हुकूम आला होता की सहावी ते आठवीला शिकवणारा एकेक शिक्षक प्रत्येक शाळेने पाठवावा. तो शिकून येईल आणि मग वर्गावर्गात इंजिनिअरिंग सुरू होईल. हुकूम वाचून होताच विज्ञानाच्या सरांची पाठ धरली. ती पुढे प्रशिक्षण संपलं त्या संध्याकाळी सुटली, हा निव्वळ योगायोग. चित्रकलेच्या बाईंच्या घरी पाहुणे येणार होते. गणिताची जागा रिकामीच होती. राहिल्या वेलांटीबाई, आणि त्या सभेला नव्हत्या. बाहेर सूचनाफलकावरची सूचना सुधारत होत्या. जो हजर नसतो त्याच्या नावाला अनुमोदन द्यायला सगळे एका पायावर तयार असतात.

"सर, मी भाषा शिकवते," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. मुख्याध्यापकांना शाळेत सगळे मोठे सर म्हणत.

"इंजिनिअरिंगलाही भाषा असतेच की, बाई," मोठे सर म्हणाले. "शिवाय तुमच्या घरात इंजिनिअर आहे."

जणू तो ताप-खोकल्यासारखा घरातल्या घरात लागतो.

घरात इंजिनिअर होता हे खरं. बाईंचे यजमान बाटल्या भरण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते आणि कारखान्यात त्यांना मान होता. घरात मात्र स्वयंपाकघराचा एक खण अडकून बसला होता तो बसलाच होता, आणि चमचे त्यात बंद झाल्यामुळे सासूबाईंनी नवे चमचे आणून पेल्यात उभे केले होते. "उद्या बघतो," हे यजमानांचं त्यावरचं कायमचं उत्तर. बाहेरून सुतार बोलवावा तर सासूबाई आड यायच्या. "लोक काय म्हणतील? मुलगा इंजिनिअर आणि खण उघडायला सुतार?" त्यामुळे मुलाच्या अब्रूसाठी खण बंद राहिला.

प्रशिक्षणाचं ऐकून यजमान पोट धरून हसले.

"अगं, तुला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी माहीत आहे का?"

"तुम्हाला माहीत आहे, म्हणून काय फिरवता का?" बाई म्हणाल्या, आणि पेल्यातल्या चमच्यांकडे बघून त्यांनी विषय संपवला.

प्रशिक्षण एका मोठ्या हॉलमध्ये होतं. भिंतीवर कापडी फलक होता आणि त्यावर 'अभीयांत्रीकी' असं छापलं होतं. एका शब्दात दोन चुका, त्याही हाताएवढ्या अक्षरात. बाईंचा पहिला सगळा तास त्या फलकाकडे बघण्यात गेला. प्रशिक्षक अगदी तरुण होता. कोरे करकरीत बूट, कॉलरला अडकवलेला माईक, आणि समोर वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून पाय सुजलेली माणसं. त्यांना तो सांगत होता की वर्गात उभं कसं राहावं.

"चुकायला घाबरू नका!" तो म्हणाला. मग त्याचा पडदा चालू होईना, आणि तो चांगलाच घाबरला.

दुपारी प्रत्यक्ष काम निघालं. दोन खुर्च्यांच्या मध्ये कागदी नळ्या आणि चिकटपट्टी वापरून पूल बांधायचा, आणि त्यावर खडूंचे डबे ठेवायचे. वेलांटीबाईंच्या गटात दुसऱ्या शाळेतले एक गणिताचे सर होते. त्यांनी कागदावर हिशेब करून पूल आठ डबे सहज पेलेल असं सिद्ध केलं, आणि आपलं काम संपलं म्हणून ते चहाला गेले. बाईंनी नळ्या जोडल्या. ओळी आखाव्यात तशा सरळ, एकसारख्या, सुबक. साऱ्या हॉलमध्ये तेवढा देखणा पूल दुसरा नव्हता. पहिला डबा ठेवला आणि तो कंबरेतून मोडला.

"अभिनंदन!" प्रशिक्षक माईकमधून ओरडला. "यांचा पूल सगळ्यात आधी पडला! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. बाईंना आयुष्यात चुकीबद्दल कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, कारण मुळात चूकच कुणाच्या नजरेला पडली नव्हती. त्यांचे कान तापले. गणिताचे सर बिस्किट खात परत आले, मोडलेल्या पुलाकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कागदावर अजून उभा आहे."

"तिथंच राहा मग त्याच्यावर," बाई म्हणाल्या.

पण पूल त्यांनी टाकून दिला नाही. बाकीचे निघायला लागले तरी त्या खाली फरशीवर बसून मोडलेली नळी फिरवून फिरवून बघत होत्या. नळी टोकाला मोडली नव्हती, मधे चेपली होती. म्हणजे वरून भार आला की मधल्याला कुणीतरी खालून धरायला हवं. त्यांनी एक तिरकी नळी लावली, मग दुसरी. पूल आता अगदी विद्रूप दिसत होता. तीन डबे ठेवले, तरी उभा राहिला. हॉल बंद करणारा शिपाई किल्ल्या वाजवायला लागला तेव्हा बाई उठल्या, आणि जाता जाता खुर्चीवर चढून फलकावरच्या दोन्ही वेलांट्या पेनाने ऱ्हस्व करून मगच बाहेर पडल्या.

घरी चहा घेताना त्यांनी यजमानांना विचारलं, "अहो, तुमचं कधी पडतं का?"

"काय पडतं?"

"काम. केलेलं बिघडतं का? मोडतं का?"

यजमानांनी कप खाली ठेवला. "रोज. कालच पट्टा सुटून दोन हजार बाटल्यांचा चुरा झाला. सगळं नीट चाललं असतं तर मला पगार कशाला दिला असता?"

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत ते."

"तू चुकांचं काय करतेस ते रोज बघतो ना मी," यजमान म्हणाले.

बाईंनी मान वळवली. वह्यांचा गठ्ठा शेजारीच होता. वरच्या वहीचं पान इतकं लाल झालं होतं की मुलाने मुळात काय लिहिलंय ते शोधावं लागलं असतं. त्यांना थोडं वाईट वाटलं. फार नाही, कारण मुलाने खरोखरच 'सुर्य' लिहिलं होतं.

बाई शाळेत परतल्या तेव्हा दुसरा हुकूम वाट बघत होता. सत्र संपता संपता तपासणी होणार होती आणि प्रत्येक शाळेने एक प्रकल्प दाखवायचा होता. मोठे सर दूरदृष्टीचे. त्यांनी दुकानातून खोक्यातलं रॉकेट मागवलं. "मुलांनी बनवलं म्हणून मांडू," ते म्हणाले. "मुलांकडून खोकं उघडून घेऊ, म्हणजे खोटंही होणार नाही."

बाईंनी मान डोलावली आणि सातवीच्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं, 'शाळेत काय काय बिघडलं आहे?'

हा प्रश्न कुणी विचारू नये. फळा भरला, कोपरे भरले. पंखा, बाक, घंटा, खिडकीची कडी, आणि एकाने मोठ्या सरांचा स्वभाव. हे शेवटचं बाईंनी पुसलं. सातवीच्या आवाक्यातलं नव्हतं. बरीच वादावादी होऊन पाण्याचे नळ ठरले. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या नळांची रांग होती. ते दिवसभर ठिबकायचे, आणि खालच्या हौदीचा उतार चुकीच्या बाजूला असल्याने पाणी व्हरांड्यात यायचं. तिथं दर आठवड्याला कुणीतरी घसरायचं. शाळेने त्यावर उपाय केला नव्हता असं नाही. 'जपून चाला' अशी पाटी लावली होती.

वर्गात एक मुलगी होती, तीन बहिणींतली मधली, म्हणून तिला सगळे मधलीच म्हणत. वडील इमारतींच्या बांधकामावर गवंडी. जिथं इमारत तिथं बिऱ्हाड. मधली शाळेत दोन दिवस आली तर चार दिवस धाकटीला सांभाळायला घरी असायची, आणि वहीत तिच्या वेलांट्यांचा असा काही सुळसुळाट असायचा की बाईंनी तिच्यापुरतं लाल पेन म्यान केलं होतं. पण नळांचं काम निघालं आणि मधली रोज यायला लागली. धाकटीला कडेवर घेऊन यायची, तिला बाकावर बसवायची आणि व्हरांड्यात उकिडवी बसून बघत राहायची.

"काय बघतेस गं?" बाईंनी विचारलं.

"पाणी कुठं जातंय ते." मग तिने खिशातून गोटी काढून फरशीवर सोडली. गोटी घरंगळत बरोबर मोठ्या सरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन थांबली. "बघा, पाणी पण तिथंच जाणार. आपल्याला गोटी वळवायची आहे."

पहिला उपाय स्पंजांचा. ते तासाभरात फुगले आणि वास मारायला लागले. दुसरा उपाय कापलेल्या बाटल्यांचं पन्हळ. पन्हळ उत्तम वाहिलं, फक्त जोड मधेच निसटला, आणि साठलेलं सगळं पाणी उंबऱ्यावरून मोठ्या सरांच्या खोलीत शिरलं. त्यांना टेबलाखाली चपला काढून बसायची सवय. चपला तरंगल्या.

मोठे सर अनवाणी बाहेर आले. "बाई! हे काय चाललंय?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "अभिनंदन, सर!" आणि मग त्या हसू आवरण्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांना शाळेत आणलं. इतक्या वर्षांत ते बायकोच्या शाळेत पहिल्यांदाच येत होते. मुलांना काही सांगायचं नाही, फक्त विचारतील त्याला उत्तर द्यायचं, ही अट. मुलांनी नळ उघडून दाखवायला लावला. आतली रबरी चकती झिजून गेली होती.

"का झिजली?" मधलीने विचारलं.

"वरची टाकी उंच आहे, दाब जास्त येतो. नळ गळला की लोक आवळतात. जितकं आवळावं तितकं रबर झिजतं. मग आणखी गळतं, मग आणखी आवळतात."

"म्हणजे आवळून काही होत नाही," मधली म्हणाली.

वेलांटीबाईंना ते वाक्य उगीचच लागलं.

पुढचे काही दिवस मुलं जुन्या ट्यूबच्या चकत्या कापत होती. काही चकत्या जाड झाल्या, काही वेड्यावाकड्या. शेवटी जमल्या. तरी जे थोडं ठिबकायचं त्याच्यासाठी हौदीखाली पाइप बसवला आणि तो गोटी सोडून सोडून, पाचर ठोकून ठोकून, मागच्या झाडांपर्यंत नेला. दिसायला तो पाइप म्हणजे आजारी अजगर. पण व्हरांडा कोरडा झाला.

आणि इथंच पंचाईत झाली. कोरडी फरशी कुणाला दिसत नाही. घसरणारा माणूस दिसतो. न घसरणारा आपला सरळ निघून जातो. तपासणीला साहेब आले ते त्याच व्हरांड्यातून ताठ चालत आले, खाली एकदाही न बघता, आणि थेट रॉकेटसमोर उभे राहिले. रॉकेटला एका बाजूला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती. साहेब म्हणाले, "वा!" मोठे सर म्हणाले, "मुलांची मेहनत." मग साहेबांनी रिवाज म्हणून जवळच्या मुलीला विचारलं. ती मधली होती.

"काय गं, तुमच्या वर्गाने या वर्षी काय केलं?"

"गळती थांबवली, सर."

साहेब थबकले. आता हे सांगितलं पाहिजे की त्यांच्या खात्यात गळती म्हणजे एकच गोष्ट: मुलांनी शाळा सोडून जाणं. त्यांच्या टेबलावरच्या निम्म्या फायली त्या गळतीच्याच.

"थांबवली?" साहेब म्हणाले. "पूर्ण?"

"थोडी राहिली आहे, सर. पण ती आता व्यवस्थित बाहेर जाते."

"हं. प्रामाणिक आहे मुलगी. आणि कारण काय सापडलं?"

"वरून दाब फार येतो, सर."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "अगदी बरोबर. आम्हालाही वरूनच येतो. मग केलं काय?"

"आधी सगळे आवळत होते. आवळलं की जास्त गळतं. म्हणून आम्ही आवळणं बंद केलं आणि आतून दुरुस्ती केली."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. बरोबरच्या कारकुनाला ते म्हणाले, "लिहून घ्या. शब्द न् शब्द." वेलांटीबाई पुढे झाल्या, "साहेब, ती नळांबद्दल..." पण मोठ्या सरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की वाक्य तिथंच राहिलं. साहेब गेल्यावर मोठे सर म्हणाले, "बाई, एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे तुम्हीच शिकवता ना? मग त्यांना हवा तो घेऊ दे."

महिन्याभरात शाळेला ढाल मिळाली. गळती रोखणारी आदर्श शाळा. ढाल आली त्या आठवड्यात मधली शाळेत नव्हती. दुसऱ्या आठवड्यातही नव्हती. बाई तिच्या घरी गेल्या तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, इमारत पूर्ण झाली, बिऱ्हाड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं.

परत आल्यावर बाईंनी ढालीकडे बघितलं. काचेच्या कपाटात ती झळकत होती. मोठे सर शेजारी उभे होते. "एक मुलगी गेली म्हणून आकडा बदलत नाही," ते समजुतीने म्हणाले. भाषेच्या बाईंना शब्द सापडला नाही, असं त्या व्हरांड्यात पहिल्यांदाच घडलं.

रविवारी त्यांनी यजमानांना बरोबर घेतलं आणि दोन बसगाड्या बदलून ते शहराच्या त्या टोकाला पोहोचले. अर्धवट उभ्या इमारतींमधून, सळ्या आणि वाळूचे ढीग ओलांडत त्यांनी गवंड्याचा पत्ता काढला. पत्र्याच्या खोलीत आई भांडी घासत होती. मधलीने बाईंना बघितलं आणि ती आधी दाराआड लपली, मग बाहेर आली.

"शाळा आहे ना इथं जवळ?" बाईंनी विचारलं.

"आहे की," आई म्हणाली. "गेले होते मी. म्हणाले मधेच जागा नाही, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी आम्ही कुठं असू कुणाला ठाऊक? आणि धाकटीला कोण बघणार?"

बाईंनी तिथंच बाहेर, सिमेंटच्या पोत्यावर बसून साहेबांना फोन लावला. साहेबांनी लगेच ओळखलं. "गळतीवाल्या बाई! बोला."

"साहेब, तुम्ही आम्हाला ढाल दिलीत. तुमच्याच हाताखालच्या एका शाळेत जागा नाही म्हणून मुलगी दारातून परत पाठवली आहे. आमच्या आदर्श शाळेची मुलगी. तिचं नाव उद्या कुठंच नसेल. म्हणजे ती गळाली. आता ती कुणाच्या खात्यात धरायची, तुमच्या की आमच्या?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तीच का हो," साहेबांनी विचारलं, "आवळलं की जास्त गळतं म्हणणारी?"

"तीच. आणि साहेब, खरं सांगायचं तर ती नळाबद्दल बोलत होती."

"ते मला परत जाताना गाडीत कळलं," साहेब म्हणाले. "पण तोपर्यंत कारकुनाने लिहून घेतलं होतं. तिला उद्या सकाळी शाळेत पाठवा."

जागा नसलेल्या शाळेत सकाळी जागा झाली. धाकटीलाही बालवाडीत घेतलं. खात्याच्या दारात जे काम पुढच्या वर्षी होणार होतं ते एका फोनने झालं, यावरून खात्यात चमत्कार होत नाहीत असं म्हणता येणार नाही.

वेलांटीबाई आता सुट्टीत शिक्षकांना प्रशिक्षण देतात. माईक लावत नाहीत. त्यांच्या आवाजाला त्याची गरज नाही. इतिहासाचे, भूगोलाचे, पाठदुखीवाले शिक्षक घड्याळाकडे बघत बसलेले असतात. बाई आधी स्वतःचा पूल बांधून सगळ्यांसमोर पाडतात आणि विचारतात, "कुठं चुकलं?" अजून वेलांट्यांना त्या क्षमा करत नाहीत. पण हल्ली चुकीखाली लाल रेघ मारून पुढे लिहितात, 'हे असं का लिहिलंस?' आणि पोरं कधीकधी खरंच उत्तर देतात.

परवा मधलीच्या नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. आवाज तापलेला होता.

"तुमच्याकडून आलेली मुलगी! आल्यापासून काही ना काही उघडून बघते. काल शाळेची घंटाच उघडली. वर मलाच विचारते, ही अशी का वाजते? तुमच्याकडे तिला शिकवलं तरी काय होतं तुम्ही?"

"मी?" वेलांटीबाई म्हणाल्या. "मी भाषेची शिक्षिका आहे हो. घंटा वाजते का आता?"

"वाजते," मुख्याध्यापिका जरा थांबून म्हणाल्या. "आधीपेक्षा बरी वाजते. पण तो मुद्दा नाही!"